अठ्ठ्याऐंशी दिवसांची द्राक्षे

फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागेत पहाटे सहाला जी माणसे घड कापायला वाकलेली दिसतात, त्यांतली बरीचशी कागदोपत्री सुट्टीवर असतात. तैवानची एक मुलगी, फ्रान्सचे जोडपे, शिक्षणात खंड घेऊन आलेला कोरियन विद्यार्थी, आयर्लंडचा एखादा सुतार. प्रत्येकाच्या व्हिसावर हॉलिडे हा शब्द असतो, आणि प्रत्येक जण चाळीस अंशांच्या उन्हात बादलीमागे दर ठरवून उक्ते काम करत असतो. सुट्टीवर आलेल्या माणसाने एवढे राबायचे कारण काय, असे विचारले तर उत्तराचा थोडा भाग द्राक्षात सापडतो आणि बराचसा कायद्यात.

मराठी तरुणांना हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला आर्थिक सहकार्य व व्यापार करार २ एप्रिल २०२२ रोजी झाला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला लागू झाला. त्यात मांस, मद्य आणि कापड यांच्या जकातीच्या जोडीला एक छोटे कलम होते: १८ ते ३० वयाच्या भारतीयांना दरवर्षी १००० 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसे. क्रमांक ४६२. जागा थोड्या म्हणून सोडत. पहिल्या सोडतीची नावनोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नंबर लागलाच तर बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि बँकेत साधारण ५००० डॉलर दाखवावे लागतात. हजार जागांसाठी देशभरातून हजारोंनी अर्ज केले. त्यांतल्या किती जणांनी बागेत वाकायची तयारी केली होती आणि किती जणांनी नुसते सूर्यास्ताचे व्हिडिओ पाहिले होते, हा वेगळा प्रश्न.

नाशिक-सांगलीकडच्या वाचकाला त्या देशाचा हंगाम ओळखीचा वाटेल. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल माल निघतो आणि तिथेही तेच महिने. कारणे मात्र उलटी आहेत. आपली वेल थंडीत झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या घेऊन तिला वेळापत्रक लावतो. तिथे ते काम हवामान करते. मेपासून पाने गळतात, जून-जुलैत वेल उघडीबोडकी उभी असते, सप्टेंबरात डोळे फुटतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात साखर भरू लागते.

देश एवढा मोठा की सगळीकडे एकदम माल तयार होत नाही, आणि फिरणाऱ्याच्या पथ्यावर पडते ते हेच. क्वीन्सलँडमधल्या एमराल्ड आणि सेंट जॉर्ज भागात खाण्याची द्राक्षे नोव्हेंबर-डिसेंबरातच निघतात. सिडनीच्या उत्तरेला हंटर खोऱ्यात वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारीतच सुरू होते. मग दक्षिण ऑस्ट्रेलियातले बरोसा आणि मॅक्लारेन व्हेल, पश्चिमेचे मार्गारेट रिव्हर, मेलबर्नजवळचे यारा खोरे, आणि सर्वांत शेवटी थंड टास्मानिया, जिथे एप्रिलमध्येही घड वेलीवर असतात. मरे नदीकाठच्या मिल्ड्युरा आणि रॉबिनव्हेलमध्ये खाण्याच्या द्राक्षांचे काम जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत पुरते. गाडी, तंबू आणि दोन जोड बूट असले की हंगामामागे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जाता येते. गाडी नसली तर काम मिळणेच अवघड, कारण बागा गावापासून लांब असतात आणि पहाटे पाचला कोणतीही बस सुटत नाही.

आता ही द्राक्षे हाताने का तोडायची? ऑस्ट्रेलियात वाइनसाठी गाळली जाणारी द्राक्षे वर्षाला दहा-वीस लाख टनांच्या घरात असतात. २०२१ मध्ये वीस लाख टनांचा विक्रम झाला, २०२४ मध्ये आकडा चौदा लाखांच्या आसपास होता. यातला बहुतेक माल माणसाचा हात लागल्याशिवाय टाकीत पडतो. उंच, चार चाकांचे यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंना चाके टाकून वेलींवरून चालते. आतले दांडे वेल थरथरवतात, मणी गळून पट्ट्यावर पडतात आणि देठांचे सांगाडे वेलीलाच लटकत राहतात. हे काम बहुधा रात्री चालते, कारण थंड मणी कारखान्यात थंडच पोहोचावा लागतो. एका रात्रीत एक यंत्र जेवढे उरकते तेवढ्याला माणसांची मोठी टोळी कितीतरी दिवस राबवावी लागेल.

म्हणजे हाताला उरले ते यंत्राला न जमणारे. फसफसणाऱ्या वाइनसाठी मणी फुटता कामा नये, कारण सालीचा रंग रसात उतरतो, म्हणून तिथे आख्खे घड लागतात. पिनो न्वारचे काही वाइनमेकर देठासकट घड आंबवतात. बरोसातल्या बऱ्याच जुन्या वेली तारेवर चढवलेल्याच नाहीत, त्या झुडपासारख्या जमिनीवर उभ्या असतात आणि यंत्राला धरायला ओळच मिळत नाही. डोंगरउतारावरच्या बागा, अर्ध्या-एक एकराचे तुकडे, महागड्या बाटलीत जाणारा माल, हे सगळे हाताने. खाण्याची द्राक्षे तर पूर्णपणे हाताने, कारण तिथे मणी नाही, घड विकला जातो. ज्याला 'द्राक्षे तोडायचे काम' म्हणतात ती खरे तर दोन वेगळी कामे आहेत, आणि नव्याने जाणाऱ्याला हा फरक सहसा तिथे पोहोचल्यावर कळतो.

वाइनच्या बागेत वेगाला भाव. काढणीचा दिवस वाइनमेकर ठरवतो. तो रोज ओळीतून मणी वेचून आणतो, त्यांची साखर आणि आम्लता मोजतो, चावून पाहतो. ऑस्ट्रेलियात साखर बोमे या मापात सांगतात. त्याची सोय अशी की एक बोमे म्हणजे आंबवल्यावर साधारण एक टक्का अल्कोहोल. फसफसणाऱ्या वाइनची द्राक्षे दहा-अकरा बोमेला काढतात, तगड्या लाल वाइनची तेरा-चौदाला. चार दिवस उष्णतेची लाट आली की आकडा उडी मारतो आणि आठवड्यानंतरची काढणी उद्यावर येते. पाऊस आला तर उलटे, सगळे ठप्प. म्हणून तोडणाऱ्याला आदल्या संध्याकाळी निरोप येतो: उद्या सहाला, अमुक ब्लॉक. निरोप आला नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पैसेही नाहीत. महिन्याचा हिशेब मांडणारी मंडळी रोजचा दर धरून त्याला तिसाने गुणतात आणि फसतात. वाइनच्या हंगामात आठवड्याला तीन-चार दिवस काम लागले तरी नशीब म्हणायचे.

प्रत्यक्ष काम समजायला पाच मिनिटे लागतात आणि अंगात मुरायला दोन आठवडे. हातात वाकड्या किंवा टोकदार पात्याची छोटी कात्री, पायाशी बादली. दोघे जण वेलीच्या दोन बाजूंना समोरासमोर. पक्ष्यांपासून राखायला जाळी टाकलेली असली तर आधी ती वर गुंडाळायची. घडाभोवतीची पाने हाताने ओरबाडायची, डावा तळवा घडाखाली, उजव्या हाताने देठ कापायचा, घड बादलीत. बादली पायाने पुढे सरकवायची. भरली की ओळीतून फिरणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या मोठ्या पेटीत रिकामी करायची आणि मोजणाऱ्याकडे नोंद करायची. कुजका घड टाकायचा, उशिरा धरलेल्या कच्च्या घडांना हात लावायचा नाही, पाने बादलीत जाऊ द्यायची नाहीत. डाव्या हाताची बोटे पहिल्या आठवड्यात कापतातच, कारण घडाखालचा तळवा दिसत नाही. जाड हातमोजा घातला तर घडाचा अंदाज येत नाही, म्हणून बरेच जण डाव्या हातात फक्त पातळ मोजा घालतात.

कापण्याच्या वेगापेक्षा डोळ्याचा वेग महत्त्वाचा. मुरलेला माणूस एक घड कापत असताना पुढचा पाहून ठेवतो, एकाच वेलीवर पुन्हा परतत नाही, आणि सगळ्यात कमी वेळा कंबर सरळ करतो. फळे लागणारे ओलांडे बऱ्याच बागांत कमरेइतक्या किंवा त्याहून खाली असतात. आपल्या मंडपाखाली मान वर करून काम करावे लागते. तिथे कंबर मोडते. त्यावर दुपारचे ऊन, रसाने चिकट झालेले हात, त्या गोडव्यावर येणाऱ्या गांधीलमाश्या. पानांत लाल पाठीचा विषारी कोळी, ओळीत क्वचित तपकिरी साप. साप दिसला की बाजूला व्हायचे आणि मुकादमाला हाक मारायची, मर्दुमकी नको.

खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत घाई करणाऱ्याला घरी पाठवतात. तिथे रंग बघायचा: क्रिमसन सीडलेससारख्या लाल जातीत घडाचा खालचा भाग हिरवा असला तर तो वेलीवर राहू द्यायचा आणि दोन-चार दिवसांनी परत यायचे. एकाच ओळीतून असे अनेक फेरे होतात. घड देठाने धरायचा, मण्यांना बोट लावायचे नाही, कारण त्यांच्यावरचा पांढुरका मेणचट थर पुसला गेला की माल शिळा दिसतो. फुटका, सुकलेला, चिमुकला मणी टोकदार कात्रीने एकेक करून काढायचा. बऱ्याच ठिकाणी पेटी ओळीतच, वेलीच्या सावलीत भरतात, छोट्या काट्यावर वजन करून. पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या निर्यातीच्या बागेत ज्याने काम पाहिले आहे त्याला यात नवे काही नाही. तिकडे पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या हेच काम याच निगुतीने करतात, आणि त्यांना त्यासाठी सुट्टीचा व्हिसा काढावा लागत नाही.

मग पैसे. इथे जरा थांबायला हवे, कारण सगळा वाद इथेच आहे.

उक्त्या दराचा साधा तर्क असा की जो जास्त तोडेल तो जास्त कमवेल. पण बादली भरायला किती वेळ लागेल हे हातावर जेवढे, तेवढेच बागेवर अवलंबून असते. शार्डनेच्या भरल्या ओळीत बादली पाहता पाहता भरते. कॅबर्नेचे घड बारीक आणि सुटे. दुष्काळी वर्षात जुन्या शिराझच्या वेलीवर शोधावे तेव्हा घड सापडतो. दर तोच राहिला तर तोडणाऱ्याची मजुरी निम्म्यावर येते आणि त्यात त्याची चूक काहीच नसते. भला शेतकरी ब्लॉक बघून दर बदलतो. सगळे शेतकरी भले नसतात. नवख्याला तर दर चांगला की वाईट हे कळायलाच आठवडा जातो, आणि तोवर भाडे थकलेले असते.

फळबागांच्या अवॉर्डमध्ये, म्हणजे त्या व्यवसायासाठी कायद्याने ठरवलेल्या वेतनकरारात, उक्त्या कामाला वर्षानुवर्षे तळच नव्हता. दिवसभर राबून एखाद्याने तासाला चार-पाच डॉलर कमावले तरी नियमभंग झाला असे म्हणता येत नव्हते. कामगार संघटनेने दाद मागितली आणि वेतनाचे वाद सोडवणाऱ्या फेअर वर्क कमिशनने नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल दिला. २८ एप्रिल २०२२ पासून नियम असा: उक्ते काम असले तरी मालकाने तासांची नोंद ठेवायची, त्या तासांना किमान ताशी दराने जेवढे झाले असते तेवढे तरी द्यायचेच, आणि दर असा लावायचा की सरासरी वेगाच्या सरावलेल्या मजुराला किमान ताशी दराहून निदान १५ टक्के जास्त मिळावेत. बागायतदारांनी बरीच ओरड केली. हळू मजुराला कोणी ठेवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते काही प्रमाणात खरे झाले: पुष्कळ बागांनी उक्ते सोडून ताशी दर धरला आणि जे मागे पडतात त्यांना दोन-चार दिवसांतच निरोप येणे बंद होते. तरीही माझ्या मते हा निकाल योग्यच होता. मजूर हळू असेल तर त्याला ठेवू नका. पण दिवसभर ठेवून घेऊन अर्ध्या दिवसाचे पैसे देणे हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आकडे सांगायचे तर जुलै २०२५ पासून तिथले राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. हंगामी मजुराला रजा, आजारपण काही मिळत नाही, म्हणून त्याला २५ टक्के वाढीव द्यावे लागते. मिळून तीस डॉलरच्या आसपास. वाइनच्या द्राक्षांना मात्र फळबागांचा अवॉर्ड लागत नाही, त्यांचा स्वतंत्र आहे, आणि उक्त्या कामाच्या अटीही त्यात वेगळ्या आहेत. म्हणून पहिला प्रश्न 'बादलीला किती' हा न विचारता 'कोणत्या अवॉर्डखाली' हा विचारावा. हा प्रश्न ऐकून समोरच्याने नाक मुरडले तर तिथे न थांबलेले बरे.

नाक मुरडणारा बहुतेक वेळा शेतकरी नसतो, मधला ठेकेदार असतो. बागायतदाराला आठवड्यासाठी चाळीस माणसे हवीत, नंतर एकही नको. ती गोळा करणे, त्यांना राहायला जागा देणे, पहाटे व्हॅनमधून नेणे आणि पगार वाटणे हे सगळे ठेकेदार करतो. मराठवाड्यातल्या ऊसतोडीचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की तिथे उचल दिली जात नाही, उलट आधीच घेतली जाते: खोलीची अनामत, व्हॅनचे भाडे, कात्रीचे पैसे, कधी तर काम 'लावून देण्याचे' पैसे. काही वसतिगृहांचा धंदाच असा की खाट घेतली तर काम मिळेल, आणि काम संपले तरी खाटेचे भाडे चालूच. कामगार कायद्यांवर देखरेख करणाऱ्या फेअर वर्क ओम्बुड्समनने शेतमजुरीच्या पट्ट्यांची काही वर्षे तपासणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या ६३८ व्यवसायांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी नियम मोडलेले आढळले. क्वीन्सलँडने २०१८ मध्ये आणि व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा केला. परवानाधारकांची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, आणि जाण्याआधी ती पाहायला दोन मिनिटे लागतात.

एवढे असूनही माणसे का टिकतात? कारण व्हिसा. वर्किंग हॉलिडेची ही योजना १९७५ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या तरुणांसाठी सुरू झाली तेव्हा हेतू खरोखर सहलीचा होता: दोन देशांच्या तरुणांनी एकमेकांचा देश बघावा, खर्चापुरते काम करावे. २००५ मध्ये सरकारने त्याला एक शेपूट जोडले. शहरांपासून दूर, शेतीसारखे ठरावीक काम तीन महिने केले तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळेल. तीन महिने म्हणजे ८८ दिवस. २०१९ मध्ये आणखी एक: दुसऱ्या वर्षात असे काम सहा महिने केले तर तिसरे वर्ष. भारतीयांना मिळतो त्या ४६२ क्रमांकाच्या व्हिसावाल्यांना ही सोय २०१६ नंतर मिळाली. शेतीला मजूर हवे होते, मजूर-व्हिसा आणायची राजकीय तयारी नव्हती, तेव्हा पर्यटकालाच मजूर करण्याचा हा मार्ग निघाला. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही.

तिची किंमतही आहे. ८८ दिवस भरले हे मालकाच्या सहीने आणि पगाराच्या पावत्यांनी सिद्ध करायचे असते. ज्याच्या सहीवर पुढचे वर्ष अवलंबून, त्याच्याशी मजुरीवरून कोण भांडणार? ऐंशीव्या दिवशी तर कोणीच नाही. फुकट राहण्या-खाण्याच्या बदल्यात केलेले काम पूर्वी मोजले जाई; त्याचा गैरवापर वाढला म्हणून २०१५ पासून ते बंद झाले, आता अवॉर्डप्रमाणे पगार मिळालेले दिवसच धरतात. २०२३ मध्ये आलेल्या स्थलांतर-व्यवस्थेच्या आढाव्याने ही योजना पुन्हा एका वर्षाची, सांस्कृतिक देवाणघेवाणीपुरती ठेवावी का याचा विचार करायला सुचवले. ब्रिटनच्या तरुणांची तर व्यापार करारामुळे आधीच सुटका झाली आहे. १ जुलै २०२४ पासून त्यांना शेतात न जाताही दुसरे-तिसरे वर्ष मिळते. भारताच्या करारात अशी सूट नाही. वाटाघाटीच्या टेबलावर कोणाचे वजन किती होते हे बागेतल्या ओळीतही दिसते ते असे.

दिवस मोजण्यातही खाचाखोचा आहेत. पूर्णवेळ पगारी माणसाचे शनिवार-रविवार धरले जातात. हंगामी मजुराचे फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस. त्यामुळे पावसाळी हंगामात ८८ दिवसांना पाच महिनेही लागू शकतात. जागा ठरावीक पिनकोडांच्या यादीतली असावी लागते, आणि मोठ्या शहराच्या जवळची प्रत्येक बाग त्या यादीत असतेच असे नाही. छाटणी आणि काढणी शेतीकामात धरतात, पण वाइनरीच्या काउंटरवर पाहुण्यांना चव दाखवण्याचे काम धरत नाहीत.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा या सगळ्या रचनेचा पाया किती पातळ आहे ते दिसले. सव्वा लाखाच्या वर असलेली या व्हिसावाल्यांची संख्या २०२२ च्या सुरुवातीला वीस हजारांच्याही खाली गेली. फळे झाडावर राहिली. सरकारने प्रशांत महासागरातल्या बेटांवरून मजूर आणण्याची योजना वाढवली. ती २०२२ पासून 'पाम' या नावाने एकत्र चालते. टोंगा, वानुआतू, सामोआ, फिजी, तिमोर-लेस्त इथली माणसे येतात, हंगाम करून परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. त्यांच्या वेगापुढे बॅकपॅकर पोरगेलेसा वाटतो. हे त्यांचे घर चालवणारे काम आहे. पर्यटकासाठी तो वर्षभर सांगायचा किस्सा. मालकांना अर्थातच परत येणारा सरावलेला माणूस आवडतो, आणि सुट्टीवाल्यांच्या वाट्याचे काम त्या प्रमाणात आक्रसले आहे.

त्यात दुसरे संकट विक्रीचे. चीनने २०२० च्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियन वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत जकात लावली, ती मार्च २०२४ मध्ये उठली. तोवर लाल वाइनचा साठा तुंबला होता. रिव्हरलँड आणि ग्रिफिथ भागात काही बागायतदारांनी द्राक्षे न तोडता सोडून दिली, काहींनी वेली उपटल्या. या दोन्ही भागांत पंजाबी कुटुंबे बरीच आहेत. कोणी मजूर म्हणून आलेले, कोणी आता बागेचे मालक. हिंदी बोलणारा मुकादम भेटला म्हणून हुरळून जाऊ नये, एवढे मात्र तिथे राहिलेले सगळेच सांगतात. हिशेब त्याच्याशीही लेखीच ठेवावा.

मिल्ड्युराची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण तिचा धागा तासगावपर्यंत येतो. वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या त्या मुलखात १८८७ च्या सुमारास जॉर्ज आणि विल्यम चॅफी या कॅनेडियन भावांनी मरे नदीचे पाणी पंपाने चढवून वसाहत उभी केली. कॅलिफोर्नियात त्यांनी तेच केले होते. कोरडी हवा आणि कडक ऊन यांमुळे तिथे बेदाणा उत्तम होऊ लागला. जात सुल्ताना, म्हणजे आपली थॉम्पसन सीडलेस. आपल्या तास-ए-गणेश आणि सोनाका याच थॉम्पसनमधून निवडलेल्या. मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर पाणी बाहेर जाऊ देत नाही. नुसते वाळवले तर आठवडे लागतात आणि रंग काळवंडतो. ऑस्ट्रेलियन बागायतदार घड पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या थंड मिश्रणात बुडवत आणि तारांच्या थरांच्या लांबलचक मांडवावर वाळत टाकत. मेण सैल होते, पाणी झपाट्याने उडते, बेदाणा सोनेरी राहतो. सांगली-तासगावच्या शेडमध्ये आज डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट कालवून जे करतात ते हेच. मिल्ड्युरात मात्र आता ती बुडवणी जवळपास गेली. फळाच्या काड्या वेलीवरच कापून ठेवतात, मिश्रण फवारतात, घड तारेवरच वाळतात आणि यंत्र झाडून नेते. पूर्वी या कामाला दर फेब्रुवारीत माणसांची रीघ लागे.

बागेच्या फाटकावर 'आत येऊ नका' अशी पाटी आणि बूट बुडवायला औषधी पाण्याचे घमेले दिसले तर तो उर्मटपणा समजू नये. फायलोक्झेरा ही माव्याच्या कुळातली बारीक कीड द्राक्षाच्या मुळांवर जगते आणि युरोपियन वेल काही वर्षांत मारते. ऑस्ट्रेलियात ती १८७७ मध्ये जिलाँगजवळ सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा करून वेलींची आयात रोखली आणि आजवर त्या राज्यात तिचा प्रादुर्भाव नाही. म्हणूनच बरोसात १८४३ साली लावलेली शिराझ आपल्याच मुळांवर उभी असून अजून फळते. आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईसाठी. जगाच्या बऱ्याच भागांत खुंट वापरावा लागतो तो या किडीमुळे. कीड बुटाच्या चिखलातून, कात्रीतून, गाडीच्या चाकातून पसरते, आणि आज यारा खोऱ्यात, परवा बरोसात काम करणारा भटका मजूर हा तिचा आदर्श वाहक. बागेतून बागेत जाताना कपडे धुवावेत, बूट-कात्री निर्जंतुक करावी, आधी कुठे काम केले ते न लपवता सांगावे. फळमाशीमुळे फळांची ने-आणही बंद आहे: मिल्ड्युराकडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना यांबाच्या नाक्यावर चोवीस तास गाड्या तपासतात, आणि डब्यातले सफरचंदसुद्धा तिथेच टाकावे लागते.

शेवटी हातात काय पडते? कामाआधी टॅक्स फाइल नंबर काढावा, तो फुकट मिळतो. या व्हिसावाल्यांना २०१७ पासून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर आहे, सध्या ४५,००० डॉलर कमाईपर्यंत. आधी तो साडेबत्तीस टक्के करण्याचा घाट होता. मजूर येणार नाहीत म्हणून शेतकरीच आडवे आले. याशिवाय मालकाने पगारावर आणखी १२ टक्के निवृत्तिवेतनाच्या फंडात भरायचे असतात. ती रक्कम पगारातून कापायची नसते, वरून द्यायची असते. पावतीवर कापलेली दिसली तर तिथेच हटकावे. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती परत मागता येते. मात्र तेव्हा सरकार त्यातले ६५ टक्के कर म्हणून ठेवून घेते. उरलेल्या ३५ टक्क्यांसाठी अर्ज करायला फंडाचे नाव, सदस्य क्रमांक आणि पावत्या लागतात, त्यामुळे हंगाम संपवून निघताना तंबू विकला तरी चालेल, ती फाइल मात्र सोबत आणावी.